पाटीवर नाव, दाराला कुलूप

वाचकांचे प्रश्न : या अंकासाठी तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली, त्याला इलाज नव्हता.

पत्र पहिलं

आदरणीय बाई,

मी बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, धंदा गणपतीच्या मूर्तींचा. २०१९ ला पुराचं पाणी आलं तेव्हा मी शाळेत होते. २०२१ ला आलं तेव्हा चतुर्थीला दीड महिना होता. मूर्ती उचलून वर नेता नेता हात भरून आले, तरी खालच्या फळीवरच्या शाडूच्या मूर्ती गेल्याच. पप्पा दर अर्ध्या तासाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायचे आणि म्हणायचे, अजून दोन फूट आहेत. मला तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय. पाऊस बघणारे वेगळे, धरण बघणारे वेगळे, रस्त्याचे भराव टाकणारे वेगळे. हे सगळं एकत्र धरून कोण बघतं? शोधताना 'सिस्टिम्स सायन्स अँड थिअरी' अशी डिग्री असते हे कळलं. कॉलेज कुठलं निवडू? पप्पा म्हणतात एमसीए कर. मामा म्हणतो, या नावाला नोकरी कोण देणार? एका सल्ला केंद्रात पाचशे रुपये भरले, त्यांनी बारा कॉलेजांची यादी दिली, ती सोबत जोडली आहे.

— एक विद्यार्थिनी, शाहूपुरी

उत्तर

आधी त्या पाचशे रुपयांचं. यादी टाकून देऊ नकोस, कागद पाठकोरा आहे, गणितं करायला होईल. बाराही ठिकाणच्या कोर्सच्या नावात 'सिस्टिम' आहे, एवढाच त्यांचा एकमेकांशी संबंध. एक हॉस्पिटलमधल्या कॉम्प्युटरचा कोर्स आहे, दोन अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचे. कुणीतरी शब्द टाकून शोधलं आणि आलं ते छापलं.

तुला हसायचा मला अधिकार नाही, कारण मी स्वतः याच शब्दाला भुलले होते. १९८६ साली बी.ई. झाल्यावर परराज्यातल्या एका संस्थेत पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतला. कोर्सच्या नावात 'सिस्टिम्स' होतं आणि तिथल्या एका प्राध्यापकांचा लेख मी वाचला होता, एवढ्या भांडवलावर. ट्रंक आणि वळकटी घेऊन दोन रात्रींचा प्रवास केला. विभागात गेले तर सरांच्या खोलीवर पितळी पाटी होती, घासूनपुसून लख्ख, आणि दाराला कुलूप. शिपाई म्हणाला, सर जाऊन दोन वर्षं झाली. पाटी पुसायचं काम त्याच्याकडे होतं, ते तो इमानानं करत होता. पाटी काढायचं काम कुणाकडेच नव्हतं. मग दोन वर्षं मी कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. त्या काळात बऱ्याच ठिकाणी सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर, एवढाच अर्थ होता. कोबोलला नावं ठेवणार नाही, पहिल्या नोकरीत त्यानंच पगार दिला. पण ज्यासाठी गेले होते ते तिथे नव्हतं.

ते मला भेटलं सासरच्या गुऱ्हाळावर, पन्हाळा तालुक्यात. लग्नानंतरचा पहिला हंगाम. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळतोय, भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची, हे सगळे कौतुकानं बघतात. मी बघत होते चुलवाणाशी चिपाडं सारणाऱ्या गड्याकडे. गुळव्या काठावरून नुसता हात करायचा आणि हा जाळ घालायचा थांबायचा. त्या वेळी पाक झालेला नसायचा. थंड पाण्यात थेंब टाकला तर गोळी धरत नव्हती, बोटाला नुसता चिकटत होता. मी विचारलं, अजून व्हायचाय ना, मग आत्ताच का थांबवला? गुळव्या म्हणाला, "वहिनी, जाळ थांबला म्हून काहील थांबत न्हाई." चुलवाणातली धग, काहिलीचं तापलेलं बूड, खुद्द रसातली उष्णता, हे सगळं मागे राहून काम करतच असतं. गोळी धरल्यावर जाळ थांबवणाऱ्याचा गूळ काळा पडतो आणि सौद्यात त्याला कुणी विचारत नाही. मी तोवर कॉलेजात कंट्रोल सिस्टिम्स शिकवायला लागले होते आणि विलंबाचा धडा मला त्या संध्याकाळी कळला.

तर विषय हा असा आहे. काहीतरी कुठेतरी साठतं. त्यात येणारा आणि जाणारा असे प्रवाह असतात. साठ्याची पातळी परत त्या प्रवाहांना कमी-जास्त करते. आणि या सगळ्यात वेळ जातो. साठा पाण्याचा असेल, रक्तातल्या साखरेचा असेल किंवा गोदामातल्या सुताचा, गणिताचा सांगाडा पुष्कळदा एकच निघतो. हे मूळचं निरीक्षण लुडविग फॉन बर्टालान्फी या व्हिएन्नातून आलेल्या जीवशास्त्रज्ञाचं. यंत्र आणि प्राणी स्वतःला कसं आवरतात याचं गणित नॉर्बर्ट वीनरनं १९४८ मध्ये मांडलं. बाकी इतिहास तू शोधशीलच.

आपल्या जिल्ह्यात त्याचं उत्तम उदाहरण राधानगरी धरणाला आहे. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा तोलावर आपोआप उघडतो, उतरलं की मिटतो, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. बटण नाही, बैठक नाही, साहेबांची सही नाही. अशा जातीचे आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवले होते. दरवाजा फक्त स्वतःसमोरचं पाणी बघतो. खाली धरणाच्या भोगावती नदीला तुळशी, कुंभी, कासारी येऊन मिळतात, त्यांच्यावरची धरणं वेगळी, पुढे हे सगळं पाणी पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातं आणि कृष्णेवर कर्नाटकात अलमट्टी धरण. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी रंगवून ठेवलीय, पण तिथे दिसणारं पाणी कितीतरी तास आधी निघालेलं असतं. तुझे पप्पा 'अजून दोन फूट आहेत' म्हणत होते तेव्हा ते दोन फूट वाटेवर होते.

आता कॉलेज. जाहिरात वाचू नकोस, अभ्यासक्रमातली विषयांची नावंही फार मनावर घेऊ नकोस. नावं समितीच्या बैठकीत ठरतात. जुन्या प्रश्नपत्रिका मिळव. ग्रंथालयात असतात, पुष्कळ ठिकाणी संकेतस्थळावरही ठेवतात. 'सिस्टिमची व्याख्या द्या, तिची आठ वैशिष्ट्ये लिहा' असे प्रश्न असतील तर गेटवरूनच परत फीर. मला असा प्रश्न दिसला पाहिजे: टाकी रिकामी आहे. तासाला शंभर लिटर पाणी येतं. जाणारं पाणी दर तासाला साठ्याच्या दहा टक्के. पातळी कुठे स्थिरावेल? हे तू तोंडी सांगशील, हजार लिटरला. पण आता व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला दहा तासांपूर्वीची पातळी कळते आणि तो तिच्या दहा टक्के पाणी सोडतो, असं धर. पहिले दहा तास तो काहीच सोडत नाही, कारण त्याच्या कागदावर टाकी रिकामी आहे. दहाव्या तासाला टाकीत हजार लिटर झालेले असतात आणि हा नुकता थेंब थेंब सोडायला लागतो. विसाव्या तासापर्यंत पाणी दीड हजाराच्या घरात जातं. मग घाबरून तो सोडतच राहतो, पातळी हजाराच्या खूप खाली जाते, पुन्हा चढते, असे हेलकावे खात खात कितीतरी वेळानं जागेवर येते. माणूस प्रामाणिक आहे, नियम बरोबर आहे, टाकीला गळती नाही. फक्त बातमी शिळी आहे. हे त्या यादीच्या पाठीमागे तासातासाचं कोष्टक मांडून करून बघ, एक संध्याकाळ लागेल. करताना मजा आली तर पुढचं वाच. कंटाळा आला तर पप्पांचं ऐक, एमसीए कर, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं, ज्यांच्याकडे शिकायचंय त्या माणसाला आधी पत्र लिही. ईमेल दोन परिच्छेदांची, नमस्कार-चमत्कार कमी. 'मी अमुक करून पाहिलं, इथे अडले, तुमच्याकडे याच्यावर काम चालतं का?' आठवड्याभरात उत्तर आलं तर माणूस तिथे आहे आणि जिवंत आहे, एवढं कळतं. माझ्या काळी पंधरा पैशांच्या कार्डावर हे झालं असतं. मला सुचलं नाही. आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रबंधांची शीर्षकं माग. एकाच विभागात एकानं साथीच्या रोगावर, एकानं वीजपुरवठ्यावर, एकानं भाजीबाजारावर काम केलेलं दिसलं, तर विषय तिथे खरंच शिकवला जातो. सगळ्यांनी 'हजेरीसाठी मोबाइल ॲप' केलं असेल तर तुला कळलंच.

या नावाची पाटी आपल्या देशात क्वचित दिसते, आणि जिथे दिसते तिथे आत वेगळं असू शकतं. दिल्लीच्या जेएनयूत 'स्कूल ऑफ कॉम्प्युटर अँड सिस्टिम्स सायन्सेस' आहे, संस्था नामांकित, पण तिथे जाणारी मुलं मुख्यतः कॉम्प्युटर सायन्सच शिकतात. उलट, विषय निरनिराळ्या दारांआड राहतो. आयआयटी मुंबईत 'सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंग' आहे. ते राधानगरीच्या दरवाजाचं घराणं, गणित भरपूर. खरगपूरला 'इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स इंजिनिअरिंग', ते कारखान्याच्या अंगानं जातं. दिल्ली विद्यापीठात ऑपरेशनल रिसर्चचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या एम.एस्सी.ला गणिताची बी.एस्सी. चालते आणि वाट सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षेतून. पुणे विद्यापीठात मॉडेलिंग अँड सिम्युलेशनचा एम.टेक. आहे. आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत या नावाचा विभाग नसला तरी भौतिकशास्त्र, गणित आणि जीवशास्त्राची माणसं एका छपराखाली आहेत. आणि एक दार तू शोधलंच नसशील: आयआयटी मुंबईचं 'सितारा', ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं केंद्र, १९८५ पासूनचं. तिथे गावाचं पाणी, जळण, शेती असले प्रश्न प्रत्यक्ष गावात जाऊन घेतात. तुझ्या पत्रातला प्रश्न मला त्या दाराशी सगळ्यात जवळचा वाटतो.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत पोर्टलंड स्टेटला हा विषय १९७० मध्ये सिस्टिम्स सायन्स याच नावानं सुरू झाला, बिंगहॅम्टनलाही आहे. नॉर्वेत बर्गनला सिस्टिम डायनॅमिक्सचा, म्हणजे याच साठा-प्रवाहांच्या गणिताचा, दोन वर्षांचा मास्टर्स आहे. तो बराच काळ आपल्या मुलांनाही फीशिवाय होता. २०२३ पासून युरोपाबाहेरच्यांना फी लागते, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर विसंबून बजेट करू नकोस. शिवाय तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं पुरेशी धरत नाहीत. आत्ता तिकडे बघायचं कारण नाही.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. केली असती, आणि गणितात नव्हे, संख्याशास्त्रात. गणित तुझ्याजवळ आहे. आकडे कच्चे, तुटके, खोटेही असतात आणि त्यांच्याशी वागायचं कसं, हे तुला अजून कुणी शिकवलेलं नाही. घरचं जेवण, विद्यापीठ शहरात, आणि दोन वर्षं नदी समोर. त्या दोन वर्षांत पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिक (पप्पांचं निम्मं समाधान त्यातच होईल) आणि प्रकल्प पंचगंगेवर घे. धरणांचे विसर्ग आणि बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होतात, पेपरात येतात. एक पावसाळा वहीत उतरवून काढ. राधानगरीचे दरवाजे उघडल्यापासून बंधाऱ्यावर फरक दिसायला किती तास लागतात, घाटात पाऊस असताना किती, नसताना किती, हे स्वतः मोज. मग गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईला. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई, एवढंच अंतर आहे. प्रवेशाच्या अटी दरवर्षी थोड्या हलतात, त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचायची, सल्ला केंद्राकडून वाचून घ्यायची नाही.

ती वही घेऊन मुलाखतीला गेलीस तर समोरचे तुझ्या कॉलेजचं नाव विचारायचे विसरतील. मी नोकरीत असताना अशा मुलाखती घेतल्या आहेत, दिवसभर तेच तेच ऐकून माणूस अशा वहीची वाट बघत असतो.

एक सावधगिरी. पुराबद्दल गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो सगळं अलमट्टीमुळे, दुसरा म्हणतो सगळं नदीकाठच्या बांधकामांमुळे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल आला तरी कट्ट्यावरचं भांडण मिटलं नाही. तू कुठल्या पक्षात आहेस हे लोक विचारणारच. वही पुरी होईपर्यंत उत्तर देऊ नकोस.

मामांना सांग, 'सिस्टिम्स सायंटिस्ट पाहिजे' अशी जाहिरात खरंच कधी दिसणार नाही. ही माणसं ऑपरेशन्स रिसर्च ॲनालिस्ट, पुरवठा साखळी, कंट्रोल इंजिनिअर, जलसंपत्तीचे सल्लागार, विम्यातली जोखीम मोजणारे, अशा नावांनी कामाला लागतात. पप्पांना सांग की बाईंनी मूर्तींचे पैसे कधी सुटतात आणि माती, रंग कधी घ्यावे लागतात, हे एका कागदावर महिन्यावार मांडायला सांगितलंय. साठा, प्रवाह आणि विलंब त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतो. चतुर्थीच्या आधी सहा महिने पैसे मातीत घालून बसणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार?

पत्र दुसरं

बाई, आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. मुलगा बारावीला आहे. एका खासगी विद्यापीठाचे दोन प्रतिनिधी घरी येऊन गेले. 'इंटेलिजंट सिस्टिम्स सायन्स' असा बी.टेक. आहे, फी वर्षाला चार लाख, पण पंधरा दिवसांत पन्नास हजार भरले तर निम्मी शिष्यवृत्ती. मुलगा हट्टाला पेटलाय. काय करू?

— एक पालक, इचलकरंजी

उत्तर

पन्नास हजार भरू नका. निम्म्या दराचं सूत पंधरा दिवसांत उचला म्हणून कुणी दारात आलं असतं, तर तुम्ही आधी त्याच्या गाठी बघितल्या असत्या. इथेही बघा. या कोर्समधून आतापर्यंत किती तुकड्या बाहेर पडल्या? एकही नसेल तर तुमचा मुलगा नमुन्याचा माल आहे. शिकवणाऱ्यांची नावं काय, ते पूर्णवेळ आहेत का? शिष्यवृत्ती चारही वर्षं की फक्त पहिल्या? हे तीन प्रश्न लेखी पाठवा. पत्राला उत्तर न देता प्रतिनिधी फोनवर फोन करू लागले, तर तेच उत्तर समजा.

माझं मत विचाराल तर अठराव्या वर्षी या नावाची पदवी घेऊच नये. आधी एक काहीतरी नीट शिकावं: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर, जे आवडेल ते. एमएचटी-सीईटी चांगली गेली तर सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय आहेच. जेईई ॲडव्हान्स्डची ताकद असेल तर खरगपूरचा इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स बघावा, तो बी.टेक.लाही आहे. मूळ विज्ञानाची ओढ असेल तर आयसरची परीक्षा द्यावी, पाच वर्षांत बीएस-एमएस होतं.

मुलाचा हट्ट मात्र मोडू नका, कारण या विषयातली एक मोठी गोष्ट तुमच्याच धंद्यातून निघाल्यासारखी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जे फॉरेस्टर नावाच्या प्राध्यापकाकडे जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे लोक एक कोडं घेऊन आले. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मी माणसं घरी बसवावी लागायची. सगळे म्हणायचे, बाजाराची मंदी-तेजी. फॉरेस्टरनं वहीत कागद-पेन्सिलीनं हिशेब मांडला आणि दाखवलं की बाहेरून येणारी मागणी एकसारखी धरली तरी हे हेलकावे येतात. माल किती शिल्लक आहे ते बघून माणसं घेण्याचे आणि कमी करण्याचे त्यांचे स्वतःचे नियमच हे हेलकावे तयार करत होते. त्यातून सिस्टिम डायनॅमिक्स हा विषय उभा राहिला. तुम्ही सुताचा भाव चढला की जास्त उचलता आणि पडला की हात आखडता, आणि शेजारचे पन्नास कारखानदारही त्याच दिवशी तेच करतात. मुलाला सुट्टीत गेल्या तीन वर्षांच्या खरेदीच्या वह्या द्या आणि याचा आलेख काढायला सांगा. फुकट आहे, आणि शिष्यवृत्तीची मुदत नाही.

पत्र तिसरं

मी आजऱ्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वय बेचाळीस. नोकरी सोडून डिग्री करणं शक्य नाही. घरबसल्या हा विषय शिकता येईल का?

— एक शिक्षक, आजरा

उत्तर

येईल, सर, आणि डिग्रीच्या मागे लागू नका. अमेरिकेतल्या सांता फे इन्स्टिट्यूटचे 'कॉम्प्लेक्सिटी एक्सप्लोरर' नावाचे ऑनलाइन कोर्स आहेत, बहुतेक फुकट. फॉरेस्टर यांच्या देखरेखीखाली एमआयटीत शाळा-कॉलेजांसाठी तयार झालेली 'रोड मॅप्स' ही स्वाध्यायमालाही मोफत मिळते, इंग्रजी सोपं आहे. नेटलोगो हे मॉडेलं करून चालवून बघायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. त्यात लांडगे-मेंढ्यांचं एक तयार मॉडेल असतं, नववीची पोरं त्यावरून उठत नाहीत. रोज पाऊण तास धरला तर वर्षभरात तुमची चांगली बैठक होईल.

आणि आजऱ्याला हिरण्यकेशी नदी आहे. पावसाळ्याआधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात आणि पावसाळा सरला की पुन्हा घालतात. बरगे घालायच्या आठवड्यात पोरांना काठीवर खुणा करून वरच्या आणि खालच्या अंगाचं पाणी रोज एकाच वेळी मोजायला लावा. पाटबंधारेच्या माणसाला आधी सांगून ठेवा, आणि पोरं काठावरच राहतील एवढं बघा. शेवाळ फार असतं तिथे.